थावरा नाईक तांड्याची एक हरकत

थावरा नाईक तांड्याकडून नगरपंचायतीत हरकत गेली ती एकच. चौसष्ट घरांचा तांडा, तीनशेवर माणसं. पण कागद एक, त्यावर सही एक, आणि ती गुलाबसिंग नाइकाची. यात काही चुकतंय असं गुलाबसिंगला वाटलं नाही. उलट त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून, फेटा मनासारखा बसेना म्हणून दोनदा बांधून, सकाळीच गावात गेला होता.

खैरमाळ हे गाव डोंगराच्या खांद्यावर कसंबसं बसलेलं आहे. कळमनुरीहून येणारी एसटी शेवटच्या चढाला अशी कण्हते, की आतल्या माणसाला उतरून हातभार लावावासा वाटतो. चार-पाच वर्षांपूर्वी इथली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. पाटी बदलली, साहेब बदलले, नळाला पाणी मात्र पूर्वीसारखंच चौथ्या दिवशी येत राहिलं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की शहर म्हटलं की त्याला विकास आराखडा लागतो. वर्षभर माणसं टेप आणि दुर्बिणी घेऊन फिरली आणि एके दिवशी नगरपंचायतीच्या सभागृहात भिंतभर नकाशा लागला. पिवळं म्हणजे राहायची घरं, हिरवं म्हणजे शेती, निळं म्हणजे बाजारपेठ. आणि तांड्याच्या वरच्या अंगाला, उतारावरून आडवी गेलेली एक जाड तांबडी रेघ. ती रेघ म्हणजे गावाबाहेरून जाणारा पंधरा मीटर रुंदीचा वळणरस्ता.

रेघ जिथून गेली होती तो उतार कागदोपत्री गायरान. पण तांड्यात त्याला कुणी गायरान म्हणत नसे, लेकरांची जागा म्हणत. तांड्यात लग्न झालेल्या माणसाला जाळतात आणि लग्नाआधी गेलेल्याला पुरतात. थावरा नाइकानं, म्हणजे गुलाबसिंगच्या आज्यानं, इथं तांडा वसवला तेव्हापासून जी जी लेकरं गेली ती त्या उतारावर होती. बापानं लेकरू तिथं न्यायचं, ठेवायचं, वर एक चपटा दगड टाकायचा आणि मागं वळून न बघता खाली यायचं. खूण करायची नाही. बायांनी तिकडं जायचं नाही. आणि त्या लेकराचं नाव पुन्हा घरात घ्यायचं नाही. उतारावर तसल्याच चपट्या दगडांची रास पडलेली, त्यामुळे कोणता दगड डोंगराचा आणि कोणता बापाचा हे परक्या माणसाला कळायची सोय नव्हती.

गुलाबसिंगची मुलगीही तिथंच होती. सहा वर्षांची होती, तीन दिवस ताप आला आणि गेली. तिला जाऊन तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

नकाशा लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी तांड्याची बैठक बसली. पुरुष लिंबाखाली बसले, बाया नेहमीप्रमाणे भिंतीच्या पलीकडे उभ्या राहिल्या. गुलाबसिंगची नात दिपा हिंगोलीच्या कॉलेजात शिकत होती. तिनं नगरपंचायतीची नोटीस मोबाइलवर वाचून दाखवली. हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवसांची मुदत होती.

"बापू, दर घरातून येक येक अर्ज देऊ," दिपा म्हणाली. "चौसष्ट अर्ज. मी लिवून देते सगळ्यायचे."

तिनं काही वावगं म्हटलं नव्हतं, पण तांड्याच्या रीतीत ते बसत नव्हतं. तांडा बोलतो तो नाइकाच्या तोंडून. सोयरीक असो, भांडण असो, पोलिसांसमोरचा जबाब असो, बैठकीत हवं तेवढं भांडावं, पण एकदा ठरलं की बाहेर नाईक बोलणार आणि बाकीचे मागं उभे राहणार. नाइकानं शब्द दिल्यावर दुसऱ्यानं आपला वेगळा कागद नेणं म्हणजे नाइकाच्या शब्दाला टेकू लावण्यासारखं. आणि ज्याच्या शब्दाला टेकू लागतो त्याला नाईक कशाला म्हणायचं?

"पोरी," गुलाबसिंग हसून म्हणाला, "निजामाच्या वक्ताला थावरा नाईक येकटा तहसीलदारापुढं गेला व्हता. येक शबूद बोलला अन् तांडा बसला हितं. त्यानं काय चौसष्ट कागद नेले व्हते का?"

लोक हसले. दिपाही थोडी हसली आणि मोबाइल बंद करून बसली. भिंतीपलीकडून मिराबाईचं, म्हणजे गुलाबसिंगच्या बायकोचं, खाकरणं ऐकू आलं. तिला काही बोलायचं असावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण बैठक उठायला आली होती आणि चहा यायचा होता.

नगरपंचायतीत आवक-जावक सांभाळणारा प्रेमानंद हा बौद्धवाड्यातला, तिशीतला, सरळ माणूस. त्यानं अर्ज वाचला, मागची बाजू उलटून पाहिली, पुन्हा पुढून पाहिला.

"नाईक, येवढा येकच?"

"आमचा तांडा येकच हाय."

प्रेमानंदनं शिक्का हातात धरून ठेवला. "तसं न्हाई. गिरीविहारवाले गठ्ठेच्या गठ्ठे देऊन राहिले. पाहा हे." त्यानं टेबलाखालची पिशवी दाखवली. "आनखी दहा-वीस सह्या आणा. निदान बायायचे आंगठे तरी आणा. मुदत हाय अजून."

गिरीविहार म्हणजे डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेले प्लॉट. वळणरस्त्याला डोंगरात दोनच वाटा होत्या, एक लेकरांच्या जागेतून आणि दुसरी गिरीविहारमधून. तिसरीकडे सरळ कडा. प्लॉटवाले बहुतेक नांदेडचे, परभणीचे. काहींनी तर आपला प्लॉट अजून पाहिलेलाही नव्हता. पण त्यांना शहाणा माणूस भेटला होता. त्यानं एकच मजकूर छापून घेतला, फक्त नावाची जागा कोरी ठेवली, आणि नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा, आईचा वेगळा असे अर्ज गोळा केले. सगळ्यांचं म्हणणं एकच, रस्ता नकाशात आहे तिथंच बरा आहे.

गुलाबसिंगनं पिशवीकडे पाहिलं. छापील कागदांच्या त्या ढिगाची त्याला कीवच आली. "ज्याला नाईक न्हाई त्याला गठ्ठे लागत्यात," तो म्हणाला. प्रेमानंदनं शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात रविंद्र पाहणीला आला. नगरपंचायतीचा हा इंजिनियर तरुण होता, बोलायला गोड, आणि उन्हात चालायचा कंटाळा नसलेला. वर चढण्याआधी तो नाइकाच्या घरी थांबला. मिराबाईनं पदर पुढं ओढून त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि दाराशी उभी राहिली. पाणी पिऊन त्यानं तांब्या परत केला, आणि तो आणि गुलाबसिंग वर गेले.

"नाईक, मला निदान दोन-चार जागा दाखवा," उतारावर उभा राहून रविंद्र म्हणाला. "मी फोटो काढतो. किती असतील अंदाजे?"

"मोजायचं नसतंय साहेब."

"एखादी तरी खूण?"

"खून करत न्हाईत आमच्यात. मागं वळून बी बघायचं नसतंय."

"तांड्यात कुणाला माहीत असेल?"

"कोणालाच न्हाई," गुलाबसिंग ठामपणे म्हणाला. सगळ्यांच्या वतीनं बोलायची सवय इतकी मुरलेली, की विचारून सांगतो असं त्याच्या मनातही आलं नाही. आपली मुलगी वरच्या खैराजवळ आहे असं त्याला वाटत होतं, पण तो खैर कधीच तुटून गेला होता. तेव्हा तेही त्यानं सांगितलं नाही. रविंद्रनं दिसलं ते लिहिलं. उतार, दगड, झुडपं. खूण आढळली नाही.

खाली येताना सरपणाला निघालेल्या चार बाया वाटेत आडव्या आल्या. लेकरांच्या जागेपलीकडच्या रानात वर्षानुवर्षं काडी उरलेली नव्हती, तरी तांड्यातल्या बाया सणासुदीच्या दुसऱ्या दिवशी नेमानं तिकडंच सरपणाला जात. गुलाबसिंग त्यांना कायम चिडवायचा, दगडं आणून राहिले का चुलीत घालायला? तेव्हाही त्यानं चिडवलं. त्या तोंडावर पदर घेऊन बाजूनं निघून गेल्या.

सुनावणी दिवाळीनंतर झाली. तांड्यातले चाळीस-पन्नास पुरुष बाहेर आवारात उभे होते, आत गुलाबसिंग एकटा गेला. नियोजन समितीचे सात जण टेबलामागे बसलेले. कुणी त्याचा अपमान केला नाही. अध्यक्षांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, बोलू दिलं. तो चांगलं बोलला. थावरा नाइकापासून सगळं सांगितलं.

"यांच्या बाजूनं हरकती किती आल्यात?" अध्यक्षांनी प्रेमानंदला विचारलं.

"येक," प्रेमानंद खाली बघत म्हणाला.

"आणि रस्ता आहे तिथं ठेवा म्हणणारे?"

"येकशे त्रेचाळीस."

"सगळा तांडा माझ्या मागं हाय साहेब," गुलाबसिंग म्हणाला. "बाहेर बघा, उभा हाय."

अध्यक्षांनी खिडकीतून खरोखरच बाहेर पाहिलं. "दिसतोय. पण कागदावर तुम्ही एकच दिसता, नाईक. आणि सातबाऱ्यावर गायरान आहे, स्मशानाची नोंद नाही. पाहणीत खूण नाही. तुम्हीच सांगितलंत, कुणाला माहीत नाही म्हणून. आम्ही लिहायचं काय?"

गुलाबसिंग पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. अध्यक्ष म्हणाले की समितीला तांड्याच्या भावनांचा आदर आहे, आणि पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर आल्यावर लोकांनी विचारलं, काय झालं? "कळवत्यात," तो म्हणाला. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. रडू यावं तर तेही नाही. घरी येऊन तो जेवला, भाकरी दोन खाल्ल्या, म्हशीला पाणी दाखवलं. निकाल फलकावर लागला तेव्हा दिपानं वाचून दाखवला आणि त्यानं मान हलवली. मंजुरी यायला पुढचं वर्ष गेलं. त्या वर्षात दोन लग्नं झाली, एक बारसं झालं, कळमनुरीच्या बाजारात त्यानं एक गोऱ्हा विकला आणि चांगला विकला. लोक त्याला नाईक म्हणत राहिले, तो बैठकीत बसत राहिला. पाय आखडून बसल्यावर जसा बधिर होतो आणि चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं आतून झालं होतं. फक्त मिराबाईच्या डोळ्याला डोळा भिडवायचं तो टाळायचा. ती काही बोलली नाही, दिपाही बोलली नाही. दिपा एक अक्षर बोलली असती तरी बरं झालं असतं असं त्याला कधी कधी वाटे.

होळी झाल्यावर आठवड्यानं रविंद्र पुन्हा आला. यावेळी त्याच्याबरोबर प्रेमानंद होता, दोन मजूर होते आणि चुना लावलेल्या खुंट्यांची पोती होती. रस्त्याच्या दोन्ही कडा आखायच्या होत्या. आखण्याआधी पंचनामा करायचा होता. तो रविंद्रनं ऑफिसातूनच टाइप करून आणला होता आणि उतारावर उभं राहून वाचून दाखवला. सदर जागेवर कोणतंही बांधकाम, समाधी अथवा खूण आढळली नाही.

"तांड्यातर्फे तुमची एकट्याची सही पुरे, नाईक," तो मऊपणानं म्हणाला.

गुलाबसिंगनं पेन घेतलं. कागद प्रेमानंदच्या पाठीवर टेकवला. सही करायला त्याला वेळ लागे, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली ती सही. 'गु' काढायला त्यानं टोक टेकवलं आणि प्रेमानंद पाठ वाकवलेल्या अवस्थेतच म्हणाला, "नाईक, बाया येऊन राहिल्या."

तांड्याकडून वाट धरून बाया वर येत होत्या. पंचवीस असतील, तीसही असतील. पुढं मिराबाई होती. मागं म्हाताऱ्या, मधल्या वयाच्या, कडेवर लेकरू घेतलेल्या सुनाही होत्या. सगळ्यात शेवटी दिपा होती, आणि तिच्या तोंडावर, हे काय चाललंय, असा भाव होता. ती बिनलग्नाची, त्यामुळे बायांचं हे गुपित तिलाही आजच कळत होतं.

"मिरा, हिकडं बायायनं यायचं नसतंय," गुलाबसिंग म्हणाला.

"तेहतीस वर्सं झाले येऊन राहिले," मिराबाई म्हणाली.

ती त्याच्यापाशी थांबली नाही. तुटलेल्या खैराच्या जागेकडे तर गेलीच नाही. तिथून चांगली वीस पावलं खाली, एका दगडापाशी ती सरळ चालत गेली, बसली आणि दोन्ही हातांनी दगड उचलून त्याच्या कडेवर उभा केला. दगडाखाली मातीत तीन कवड्या रोवलेल्या होत्या. त्यांना अजून लाल दोरा होता. मिराबाईच्या लग्नातल्या घागऱ्याच्या पट्टीच्या त्या कवड्या. पट्टीवरच्या काही गेल्या कुठं असं गुलाबसिंगनं एकदा विचारलं होतं, आणि उंदरांनी नेल्या असं तिनं सांगितलं होतं.

बाकीच्या बाया एव्हाना उतारभर पांगल्या होत्या. कुणी चाचपडत नव्हतं. आपल्या घरातल्या वस्तूकडे जावं तशी जी ती आपल्या दगडाकडे गेली. ज्यांचं लेकरू गेलं नव्हतं अशा सुना सासूनं दाखवलेल्या जागेवर गेल्या, त्या सासवांना त्यांच्या सासवांनी दाखवलेल्या. दगड उचलले गेले आणि प्रत्येकाखाली कवड्या निघाल्या. प्रेमानंदनं मोजायला सुरुवात केली आणि सत्तेचाळीसवर तो थांबला, कारण वरच्या अंगाला अजून बाया होत्या.

गुलाबसिंग मिराबाईजवळ गेला. पेन अजून हातातच होतं.

"काहून सांगितलं न्हाई?"

"हितं येतो म्हनून सांगितलं असतं तर तुमच्या बैठकीनं आमाला दंड लावला असता," ती म्हणाली. "अन् सांगावं कोनाला? बोलनारे तुमी येकटेच व्हते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काही मिळालं असतं. तो खाली बसला. तांब्या देऊन दाराशी उभी राहिलेली ती त्याला दिसली, आणि तिच्यासमोरूनच उठून, कोणालाच माहीत न्हाई असं सांगायला निघालेला तो स्वतःही दिसला.

रविंद्र दोन दगडांजवळ जाऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. "हे त्या पाहणीच्या दिवशी दिसलं असतं तर..." असं म्हणून तो थांबला. "आता मंजुरी आलीय, नाईक."

"रस्ता थांबंल का?"

"नाही." त्यानं खोटी आशा लावली नाही, एवढं त्याचं बरं. "फार तर आधी तुम्हाला सगळं नीट हलवायला वेळ देता येईल. तेवढं मी बघतो."

गुलाबसिंगनं पंचनामा परत त्याच्या हातात दिला. त्यावर नुसतं एक टिंब उमटलं होतं. "हे खोटं हाय. दुसरं लिवा."

"काय लिहू?"

"आसंल ते. कोनाचं लेकरू कुठं हाय ते."

"सांगणार कोण? तुम्ही?"

"मला ठावं न्हाई," गुलाबसिंग म्हणाला. "त्यायला इचारा. येकीयेकीला."

मग टाइप केलेला कागद उलटून रविंद्र लिहायला बसला. तो पुरेना, तेव्हा प्रेमानंदनं वहीतली पानं फाडून दिली. एकेक बाई येऊन जागा दाखवी, लेकराचं नाव सांगे, बापाचं नाव विचारलं की दुसरीच कुणी तरी ते सांगे, कारण नवऱ्याचं नाव या बाया तोंडानं घेत नसत. मग प्रेमानंद शाई पुढं करी आणि ती अंगठा उठवी. कुणाचं लेकरू आठ दिवसांचं होतं आणि त्याला नाव ठेवायचंच राहून गेलं होतं. तिथं रविंद्र अडला, तेव्हा ती बाई म्हणाली, लिवा, नाव न्हाई. ऊन डोक्यावर आलं. मजूर पोत्यांवर बसून राहिले, आणि खुंट्या कुणी ठोकल्या नाहीत.

मिराबाई शेवटी आली. ती नाइकाची बायको, तिनं आधी यायला हवं होतं, पण तिनं सगळ्यांना पुढं जाऊ दिलं होतं.

"मुलगा की मुलगी?" रविंद्रनं विचारलं.

"पोरगी."

"नाव?"

"गोमली," मिराबाई म्हणाली.

तेहतीस वर्षांत ते नाव गुलाबसिंगच्या कानावर पडलं नव्हतं. आखडलेल्या पायात रक्त शिरावं तसं काहीतरी त्याच्या आत शिरलं आणि दुखायला लागलं.

"वय?"

"सा वर्सं."

"बापाचं नाव?"

मिराबाईनं पदर पुढं ओढला. आजूबाजूला तांड्यातल्या बाया होत्या, त्यांतली कुणीही ते नाव सांगू शकली असती. दिपाही होती. पण सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. रविंद्रनंही पेन कागदावर धरून मान वर केली.

गुलाबसिंगनं दोनदा तोंड उघडलं. चौसष्ट घरांच्या वतीनं बोलायला त्याला कधी अडचण आली नव्हती. स्वतःचं नाव सांगायला मात्र आवाज फुटेना.